मोठ्या नटांसाठी गोटी पाना: अख्खा संच नको, मोजून घ्या

*आठवड्याचा सल्ला – अवजारांची देखभाल*



दर आठवड्याला पीक, खत, फवारणी यावर मेसेज येतो. आज विषय वेगळा आहे. गळीत हंगाम तोंडावर आलाय, रब्बीच्या मशागतीसाठी रोटाव्हेटर बाहेर निघालेत. या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉलीचा एखादा मोठा नट सुटला नाही की अख्खा दिवस जातो.

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाची उसाने भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यात थांबली. चाकाचा नट काढायला त्यांच्याकडे अर्धा इंची रॅचेट आणि बारा कोनी गोटी होती. जोर पुरेना म्हणून रॅचेटला चार फुटी पाईप घातला आणि अंगाचं वजन टाकलं. गोटी उभी चिरली, हात मडगार्डवर आपटला, तीन टाके पडले. खेपही गेली. त्यांनीच मला सांगितलं, "साहेब, नाव नका घालू, पण हे सगळ्यांना लिहा."

मी शेती पदविका झालेला, मेस्त्री नाही. पण आपल्या अवजार बँकेची दुरुस्ती बघताना आणि गॅरेजमधल्या जाणत्या मेस्त्रींजवळ बसून जे शिकलो, ते इथे लिहितोय. सावकाश वाचा, सेव्ह करून ठेवा.

*आजचा मुद्दा एकच:* वर्षातून चार-सहा वेळा लागणाऱ्या कामासाठी मोठा संच घेऊ नका. आपल्या नटांची मापं घ्या, तेवढ्याच गोट्या सुट्ट्या घ्या, आणि वाचलेले पैसे चांगल्या दांडीवर घाला.

*१) आधी माप, मग दुकान*

पाऊण इंची संचात साधारण २२ पासून ५० मिमीपर्यंत गोट्या येतात. दिसायला पेटी भारी दिसते. पण एका ट्रॅक्टरला, एका ट्रॉलीला आणि एका रोटाव्हेटरला मिळून मोठ्या गोट्या तीन, फार तर चार लागतात. बाकीच्या पेटीत गंजतात.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि रोटाव्हेटरचे मोठे नट कापडाने पुसा. समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर मोजा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजू नका, ते माप जास्त भरतं. व्हर्नियर असेल तर उत्तम. नसेल तर स्क्रू पाना नटावर घट्ट बसवा, तसाच काढा आणि त्याच्या तोंडातलं अंतर पट्टीवर मोजा.

बोल्टच्या जाडीवरून ढोबळ अंदाज असा येतो:

• बोल्ट १६ मिमी – पाना २४
• बोल्ट १८ मिमी – पाना २७
• बोल्ट २० मिमी – पाना ३०
• बोल्ट २२ मिमी – पाना ३२ किंवा ३४
• बोल्ट २४ मिमी – पाना ३६
• बोल्ट २७ मिमी – पाना ४१
• बोल्ट ३० मिमी – पाना ४६

हा फक्त अंदाज आहे. चाकाच्या नटांना कंपन्या वेगळं मापही देतात. त्यामुळे खरेदी यादीवरून नाही, स्वतः मोजलेल्या मापावरून करायची.

*२) इंची नट ओळखा*

जुन्या ट्रॅक्टरवर इंची नट सापडतात. तिथे मिमीची गोटी "बसली" असं वाटतं, पण ती ढिली असते. हलक्या नटाला ते खपतं. घट्ट नटाला ढिली गोटी लावली की कोपरे गोल होतात, आणि मग छिन्नीशिवाय इलाज राहत नाही.

• १५/१६ इंच म्हणजे २३.८ मिमी – २४ ची गोटी चालते
• १ १/१६ इंच म्हणजे २७.० मिमी – २७ ची चालते
• १ १/८ इंच म्हणजे २८.६ मिमी – २९ ची ढिली बसते, इंचीच घ्या
• १ १/४ इंच म्हणजे ३१.७५ मिमी – ३२ ची जराशी ढिली, गंजलेल्या नटाला इंचीच बरी

*३) प्रत्येक मोठा नट घट्ट नसतो*

ही गोष्ट कळली तर निम्मा खर्च वाचतो. आपल्याकडचे मोठे नट दोन जातीचे आहेत.

*पहिली जात – मोठा आणि घट्ट.* ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे नट, रोटाव्हेटरच्या रोटरचे आणि गिअरबॉक्सचे नट, पुलीचा नट. यांना खरा जोर लागतो. इथे चांगल्या मालाची, सहा कोनी, जाड दांडीची गोटी पाहिजे.

*दुसरी जात – मोठा पण हलका.* ट्रॉलीच्या हबमधला, पिन घातलेला खाचांचा नट. हा दिसायला ४१-४६ चा असेल, पण तो बेअरिंग जागेवर धरण्यापुरताच असतो. पिन काढली की, गंज नसेल तर तो साध्या नळी पान्याने आणि टॉमीने सुटतो. यासाठी महागडी गोटी घेण्याची गरज नाही.

उलट इथे जोर करणंच नडतं. तिरप्या रोलरचं बेअरिंग असलेला हबचा नट चार फुटी पाईप लावून आवळला तर बेअरिंग तापतं आणि भरल्या ट्रॉलीखाली जळतं. पद्धत अशी: चाक हाताने फिरवत नट आवळायचा, फिरायला जड लागलं की थांबायचं. मग साधारण एक खाच मागे घ्यायचा. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण वर-खाली हलवल्यावर खुळखुळ नको. नवी पिन घालायची. जुनी पिन सरळ करून परत घालू नका, ती वाकवलेल्या जागी तुटते.

*४) अर्धा इंची की पाऊण इंची?*

गोटीच्या मागे दांडी घालायचं चौकोनी भोक असतं, त्याचं हे माप आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, पाऊण इंच म्हणजे १९ मिमी. जाडी दीडपटच वाढते, पण पीळ सोसायची ताकद तिपटीच्या आसपास जाते. एक इंची त्याहून मोठा, पण तो ट्रक-जेसीबीच्या कामाचा. आपल्याला सहसा लागत नाही.

आता हिशोब करू. पीळ म्हणजे जोर गुणिले लांबी. १ मीटरच्या दांडीच्या टोकाला ३० किलो जोर लावला तर ३० किलो-मीटर पीळ पडतो. न्यूटन-मीटरमध्ये तो सुमारे ३०० होतो.

अर्धा इंची रॅचेटची प्रमाणित कसोटी सुमारे ५०० न्यूटन-मीटरवर घेतात, म्हणजे साधारण ५० किलो-मीटर. स्वस्तातला माल तेवढाही टिकेल याची खात्री नाही. आता ७० किलोचा माणूस चार फुटी, म्हणजे १.२ मीटर पाईपवर लोंबकळला तर ८४ किलो-मीटर होतात. वर सांगितलेल्या सभासदाच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

सोपा नियम: २४ पर्यंतच्या गोट्या अर्धा इंचीत चालतील. २७ पासून पुढे घट्ट नटाचं काम असेल तर पाऊण इंची घ्या. अर्ध्याचं पाऊण करणारा जोड मिळतो, पण त्यातला अर्धा इंची चौकोन कमजोरच राहतो. मोठी गोटी लावल्याने तो मजबूत होत नाही.

*५) गोटी घेताना काय बघायचं*

*कोन:* आतून सहा कोनी घ्या. सहा कोनी गोटी नटाच्या सपाट बाजूवर जोर देते, बारा कोनी कोपऱ्याजवळ देते. गंजलेला, झिजलेला नट बारा कोनीने लवकर गोल होतो. बारा कोनीचा फायदा अडचणीच्या जागेत पाना फिरवताना, तो गोटीपेक्षा रिंग पान्यात जास्त उपयोगी.

*खोली:* नटाच्या बाहेर बोल्ट लांब आलेला असेल तर आखूड गोटी नटापर्यंत पोचतच नाही, अर्धवट बसते आणि निसटते. बोल्ट किती बाहेर आहे ते मोजून जा. लागली तरच खोल गोटी घ्या, ती महाग असते.

*बाहेरची जाडी:* हब किंवा रिममध्ये नट आत खड्ड्यात असेल तर खड्ड्याची रुंदीही मोजा. जाड भिंतीची गोटी आत जात नाही आणि दुकानदार वापरलेला माल परत घेत नाही.

*काळी की चकचकीत:* चकचकीत गोटी हाताने वापरायची. काळी, जाड गोटी इम्पॅक्ट गनसाठी असते. काळी गोटी हाताने वापरली तर चालते. चकचकीत गोटी गनवर कधीच लावू नका, ती कडक असते, ठोक्याने फुटून तुकडे उडू शकतात. आता अनेकांकडे बॅटरीची गन आली आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं. दर सारखा असेल आणि खड्ड्यात बसत असेल तर काळीच घ्या.

*छाप:* माप, धातूचा प्रकार (क्रोम व्हॅनेडियम किंवा क्रोम मॉली) आणि बनवणाऱ्याचं नाव गोटीवर कोरलेलं हवं. कसलीच खूण नसलेली गोटी हलक्या नटाला ठीक, चाकाच्या नटाला नको. आपल्या देशात जालंधर भागात पाने-हत्यारांचा मोठा उद्योग आहे आणि तिथला चांगला माल तालुक्याच्या दुकानातही सुट्टा मिळतो. परदेशी महागड्या नावाची गरज नाही.

*६) पैसे दांडीवर घाला*

रॅचेट भरभर फिरवायला असतो, घट्ट नट फोडायला नाही. त्याचे आतले दात तुटतात. घट्ट नटासाठी सरळ पॉवर हँडल किंवा सरकती टी दांडी घ्या. पाऊण इंची टी दांडी साधी असते, तिच्यात बिघडण्यासारखं काही नसतं, आणि संचातल्या रॅचेटपेक्षा ती स्वस्त पडते.

म्हणजे बहुतेक सभासदांसाठी यादी एवढीच होते: *पाऊण इंची टी दांडी एक, मोजलेल्या मापाच्या सहा कोनी गोट्या दोन किंवा तीन, लागलं तर सहा-आठ इंची जोडदांडी एक.* दुकानदाराला पेटीचा दर विचारू नका, एकेका नगाचा दर विचारा आणि बेरीज करून बघा.

*७) आणखी स्वस्तातले पर्याय*

• *ठोक रिंग पाना:* एका बाजूला रिंग, दुसऱ्या बाजूला घणाने ठोकायची जाड शेपटी. दुकानात स्लगिंग पाना म्हणून मागा. नट उघड्यावर असेल आणि एकाच मापाचं काम असेल तर गोटी आणि दांडी दोन्हीचा खर्च वाचतो. ठोकताना डोळ्यांना चष्मा हवाच.

• *नळी पाना आणि टॉमी:* दुसऱ्या जातीच्या, हलक्या नटासाठी पुरेसा.

• *जुना माल:* पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा तालुक्यातल्या भंगारवाल्याकडे जुन्या कारखान्यांतल्या जाड गोट्या मिळतात. घेताना आतले कोन बघा, गोल झालेले नकोत. चौकोनी भोकाच्या कोपऱ्यात बारीक चीर आहे का ते उजेडात बघा. गोटी दोऱ्याला टांगून नटाने वाजवा, आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द आवाज आला तर सोडून द्या.

• *वेल्डिंग करून बनवलेली गोटी:* नळीला नट जोडून वेल्डर करून देतो. हलक्या कामाला चालते. पण तयार गोटीला पाईप वेल्ड करून लांबवू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने कडक पोलादाची ताकद बिघडते आणि ती त्याच जागी तुटते. चकचकीत मुलामा जाळल्यावर निघणारा धूरही विषारी असतो.

*८) नट सोडवताना*

१. ट्रॅक्टर सपाट, टणक जागेवर. हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा.

२. जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करा. उचललेल्या चाकाच्या नटावर जोर करणं म्हणजे ट्रॅक्टर जॅकवरून पाडणं.

३. नुसत्या जॅकवर विसंबू नका. खाली मजबूत लाकडी ठोकळे किंवा स्टँड द्या. अंग ट्रॉलीखाली घालायचं नाही.

४. गंज असेल तर आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवायचं तेल किंवा डिझेल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी नटाच्या बाजूवर हातोडीचे दोन-चार ठोके द्या, मग पाना लावा.

५. गोटी पूर्ण आत बसली पाहिजे. दांडी स्वतःकडे ओढा, ढकलू नका. ढकलावंच लागलं तर मूठ न वळता उघड्या तळहाताने. निसटलं तरी बोटं वाचतात.

६. दांडीवर उभं राहून उड्या मारू नका. सुटत नसेल तर थांबा, पुन्हा तेल सोडा.

७. *हवा भरलेल्या टायरच्या चाकाचा नट गॅसने तापवू नका.* रिम तापली की आतलं रबर तापून वायू धरतो आणि टायर फुटतो. हवा कमी केली तरी धोका राहतो. तापवणं अटळ असेल तर चाक गॅरेजवर न्या, तिथे टायर उतरवून काम करतील.

*९) आवळताना वजनकाटा वापरा*

टॉर्क पाना महाग असतो. आपल्याकडे कापूस-कांदा मोजायचा लटकता काटा असतोच. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत चाकाच्या नटाचा आकडा न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. त्याला १० ने भागा, तेवढे किलो १ मीटर लांबीवर लावायचे.

उदाहरण: पुस्तिकेत २५० असेल तर २५ किलो-मीटर झाले. नटाच्या मध्यापासून १ मीटरवर काटा अडकवा, दांडीला काटकोनात ओढा, काट्यावर २५ किलो आले की बस. दांडी ७५ सेंटिमीटरच असेल तर २५ भागिले ०.७५, म्हणजे ३३ किलो.

नट समोरासमोरचे आवळत जा, ओळीने नाही. चाकाच्या नटाच्या आट्यांना ग्रीस लावू नका, पुस्तिकेत सांगितलं असेल तरच लावा, कारण ग्रीसने तोच जोर बोल्टवर जास्त ताण आणतो. काही तास काम झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. नवीन बसवलेलं चाक ढिलं होतं ते पहिल्याच दिवशी.

*१०) सगळ्यांनी सगळं घ्यायची गरज नाही*

३२ पर्यंतच्या तुमच्या रोजच्या मापाच्या गोट्या घरी असाव्यात, कारण पंक्चर रात्रीच होतं. पण ४१, ४६, ५० अशा गोट्या एका घरी वर्षातून एकदा निघतात. त्या आपल्या अवजार बँकेत एक-एक ठेवल्या तर सगळ्यांचं भागतं. माझी सूचना आहे की येत्या सभेत यावर बोलू. त्यासाठी आधी कळायला हवं की आपल्याकडे कोणती मापं सर्वांत जास्त आहेत.

म्हणून *तुमच्याकडून एवढंच हवं:* नट पुसून, शेजारी पट्टी धरून फोटो काढा आणि याच नंबरवर पाठवा. सोबत लिहा – ट्रॅक्टर की ट्रॉली की रोटाव्हेटर, कुठला नट, मोजलेलं माप, आत खड्ड्यात आहे की उघडा. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज टाका. मापांची यादी करून मी सभेत ठेवतो. ज्यांनी आधीच गोट्या घेतल्यात त्यांनी कोणती गोटी टिकली, कोणती चिरली तेही सांगा.

वर ज्यांचा किस्सा सांगितला त्या काकांनी नंतर काय घेतलं ते सांगून थांबतो. एक पाऊण इंची टी दांडी, एक सहा कोनी गोटी आणि टूलबॉक्समध्ये एक साधा चष्मा. बाकी पेटी त्यांनी घेतली नाही. "लागतंय तेवढंच घेतलं," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात: हरभरा पेरणीआधी बीजप्रक्रिया.

काळजी घ्या, हात सांभाळा.
– आपला कृषी सल्लागार